इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या काढून घरीच बांधलेला एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, २४ व्होल्ट: काय घ्यावं, कसं जोडावं?

चौथा_मजला:

मुलुंड पूर्व, महावितरणची लाइन, चार मजली जुनी इमारत, आमचा मजला सर्वात वरचा. इन्व्हर्टर २ केव्हीए, २४ व्होल्ट, साइन वेव्ह. त्याला १५० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. रात्रभर चार्ज करूनही ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) १.२०च्या वर जात नाही आणि बॅकअप दीड तासावर आलाय, म्हणजे त्या संपल्याच. इन्व्हर्टर ठणठणीत आहे, तो बदलायचा नाही. त्याच्या मेनूत बूस्ट (भरतानाचा व्होल्टेज), फ्लोट (भरल्यावर टिकवायचा व्होल्टेज), लो कट (उतरल्यावर तोडायचा व्होल्टेज) आणि चार्जिंग करंट (१०, १५ किंवा २० अँपिअर) बदलता येतात. वेगळा लिथियम मोड नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० एएचचे आठ प्रिझमॅटिक सेल घेऊन २५.६ व्होल्टचा पॅक घरीच बांधायचा विचार आहे. मल्टिमीटर, क्रिंपिंग, सोल्डरिंग येतं. विचारायचं ते असं:

बॅकअप सहा तास हवा. चालणार काय, तर तीन पंखे, पाच-सहा एलईडी, राउटर, दोन लॅपटॉप आणि फ्रिज. एसी, गिझर, मिक्सर नाही. त्यासाठी २८० एएच बरोबर की जास्त? बीएमएस (सेलवर नजर ठेवून मर्यादा ओलांडली की तोडणारा बोर्ड) किती अँपिअरचा? पॅक ठेवायला तीन जागा आहेत: बाथरूमवरचा माळा, ग्रिल लावलेली बाल्कनी, आणि हॉलचा कोपरा जिथे आत्ता ट्युब्युलर आहेत. शिवाय ट्युब्युलरसाठी जी वायरिंग आहे तीच चालेल का?

बसबार_२०x२:

आधी वॉटचा हिशेब मांडू, सेलचा आकार त्यातूनच निघतो.

साधा पंखा ७५ वॉट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॉट. सहा एलईडी ५४, राउटर १२, दोन लॅपटॉप मिळून १००. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना १२० ते १५० वॉट घेतो, पण चालू-बंद होत असल्याने २५० लिटरच्या फ्रिजची सरासरी ५० वॉट धरा. साध्या पंख्यांसह बेरीज ४४१ वॉट, बीएलडीसीसह ३०६ वॉट. एवढ्या कमी लोडवर इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे सहा तासांना बॅटरीतून साध्या पंख्यांनी ३.१ युनिट जातील, बीएलडीसीने २.२ युनिट.

आता पॅक बघा. आठ सेल १०५ एएचचे घेतले तर २.६९ युनिट. आठ सेल २८० एएचचे घेतले तर ७.१७ युनिट. दुसरा पॅक तुम्हाला साध्या पंख्यांवरही बारा तासांच्या पुढे नेईल. पण तुमचा चार्जर जास्तीत जास्त २० अँपिअरचा. २८० एएच रिकामा झाला तर भरायला चौदा तास, १५ अँपिअरवर जवळजवळ एकोणीस. १०५ एएच १५ अँपिअरवर सात तासांत भरतो. पावसाळ्यात लाइट दिवसातून दोनदा जाते तेव्हा हा फरक कळतो.

माझं मत: पंखे बीएलडीसी करा आणि १०५ एएचचे आठ सेल घ्या. पंख्यांवर केलेला खर्च लाइट असतानाही बिलातून वसूल होतो, मोठ्या बॅटरीवरचा होत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड बसली तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास गेलेली लाइट काही भागांत रात्रीपर्यंत आली नव्हती. तेवढ्या लांब खंडासाठी तयारी करायची असेल तर लॅपटॉप आणि एक पंखा बंद करून हाच पॅक दहा तासांपर्यंत ताणता येतो. तरीही कमी वाटलं तर पुढे तसाच दुसरा पॅक, स्वतःच्या बीएमएस आणि फ्यूजसह, समांतर जोडा.

आणखी एक मुद्दा जो विक्रेते सांगत नाहीत. सहा हजार सायकलचा आकडा तुमच्या कामाचा नाही. मुंबईतली इन्व्हर्टर बॅटरी वर्षभर भरलेली बसून असते, वर्षात पन्नास सायकलसुद्धा होत नाहीत. ती म्हातारी होते ती उकाड्यात पूर्ण भरलेल्या अवस्थेत बसून राहिल्यामुळे. म्हणून थंड जागा आणि कमी फ्लोट या दोन गोष्टींनी तिचं आयुष्य जितकं वाढतं तितकं महागड्या सेलनेही वाढत नाही.

सेल_तपासनीस:

सेल खरेदीबद्दल. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, पण हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आठही सेल एकाच बॅचचे असावेत. डोक्यावरचा क्यूआर कोड खरवडलेला किंवा वर नवीन स्टिकर चिकटवलेला असेल तर परत करा. टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगचे डाग असून वर नवा स्टड लेझरने बसवलेला दिसला, तर तो सेल आधी कुठल्या तरी गाडीत किंवा पॅकमध्ये होता. निळी स्लीव्ह फाटलेली नको. सेल सपाट काचेवर आडवा ठेवून बघा, पोट फुगलेलं असेल तर डोलतो. कारखान्यातून अर्धवट चार्ज करून पाठवलेला सेल ३.२८ ते ३.३० व्होल्ट दाखवतो आणि आठांमध्ये फरक काही मिलिव्होल्टचाच असतो. एखादा ३.१० दाखवत असेल तर तो आतल्या आत उतरतोय. मल्टिमीटरने अंतर्गत रोध मोजता येत नाही, त्याला चार तारांचा मिलिओहम मीटर लागतो. १०५ एएचच्या सेलला ०.३ ते ०.५ मिलिओहम येतं. आकड्यापेक्षा आठांचा एकसारखेपणा महत्त्वाचा.

मग टॉप बॅलन्स, म्हणजे सगळे सेल पूर्ण भरून एका पातळीवर आणणं. हे टाळलं की बीएमएस पुढे महिनोन्‌महिने झगडत राहतो, कारण या रसायनाचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. तिथे ४० टक्के आणि ६० टक्के भरलेले सेल वेगळे ओळखूच येत नाहीत, फरक फक्त वरच्या टोकाला उघड होतो.

आठही सेल आले तशा अर्धवट भरलेल्या अवस्थेतच समांतर जोडून १० अँपिअरच्या पॉवर सप्लायने भरायला घेतले तर ८४० एएचच्या साठ टक्क्यांना पन्नास तास लागतील. त्यापेक्षा आधी आठ सेल सिरीजमध्ये जोडा, बीएमएस लावा, आणि इन्व्हर्टरच्या चार्जरने भरत जा. पहिला सेल ३.५५ला पोचला की थांबा. बीएमएस काढा, बसबार (सेल जोडणाऱ्या पट्ट्या) काढा, सेल तासभर ठेवा. सगळे एकमेकांच्या ०.०५ व्होल्टच्या आत आले की समांतर जोडा. सप्लायच्या तारा मोकळ्या असतानाच त्यावर ३.६५ व्होल्ट लावा आणि मल्टिमीटरने पडताळा, मगच सेलला जोडा. जोडल्यावर स्क्रीनवर कमी व्होल्टेज दिसतो म्हणून बरेच जण नॉब वर फिरवतात. तसं करू नका, सेल भरत आले की तो वर सरकून धोकादायक होतो. करंट आपोआप कमी होत १-२ अँपिअरवर आला की काम झालं. भरलेले सेल समांतर तसेच पडू देऊ नका, लगेच सिरीजमध्ये घ्या आणि थोडे उतरवा.

या अवस्थेत एक चूक फार होते. सेल समांतरसाठी मांडताना एखादा उलटा ठेवला जातो. प्रत्येक टर्मिनलला लाल-काळी टेप लावून, दुसऱ्या माणसाकडून तपासून घेऊन मगच बसबार टाका. अंगठी, घड्याळ, धातूचं कडं काढून ठेवा. पान्याला हातात धरायची जागा आणि तोंड सोडून पूर्ण हीट श्रिंक चढवा.

बसबार_२०x२:

जोडणीचं सामान: तांब्याची पट्टी २० बाय २ मिलिमीटर, म्हणजे ४० स्क्वेअर एमएम, तुम्हाला भरपूर. पण नुसतं तांबं नको, कथलाचा मुलामा दिलेली घ्या. सेलचं टर्मिनल ॲल्युमिनियमचं असतं. आपल्या खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम आणि उघडं तांबं एकमेकांना टेकले की सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि रोध वाढतो. पुण्यात चालून जाणारी जोडणी मुंबईत दोन पावसाळ्यांनी तापायला लागते ती यामुळे. टर्मिनल बारीक स्कॉचब्राइटने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं), लगेच ॲल्युमिनियम सांध्यांच्या अँटिऑक्सिडंट पेस्टचा अगदी पातळ थर लावा आणि कसा. उशीर केलात तर ऑक्साइड पुन्हा धरतं.

एम-६ स्टड बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटरवर कसतात, तरी सेलच्या डेटाशीटमधला आकडाच घ्या. नागदेवी स्ट्रीटला छोटा टॉर्क पाना मिळतो, तो घ्याच. अंदाजाने कसलात तर स्टड उपटून येतो आणि तो सेल बाद होतो. रेंजमध्ये सर्वात खालच्या टोकाचा पाना हवा, गाडीच्या चाकाचा नाही.

दोन सेलमध्ये एक मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट घाला. सेलचा डबा ॲल्युमिनियमचा आहे आणि तो टर्मिनलपासून पूर्ण अलग नसतो. निळ्या पातळ स्लीव्हच्या भरवशावर शेजारचे डबे टेकवून ठेवू नका. दोन टोकांना जाड पाट्या आणि चार थ्रेडेड रॉड लावून पॅक घट्ट धरा, पण शिकंजासारखा आवळू नका. सेल श्वास घेतल्यासारखा थोडा फुगतो-आक्रसतो, ती हालचाल स्टडवर येऊ नये एवढाच उद्देश.

जोडून झाल्यावर खरी परीक्षा ही: २० अँपिअरच्या आसपास लोड टाका, म्हणजे साधारण ४५० वॉट, आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक बसबारच्या दोन टोकांचे स्टड मोजा. प्रोब बसबारवर नको, स्टडच्या डोक्यावर हवा. सातही सांधे दोन-तीन मिलिव्होल्टच्या आत यायला हवेत. सहा ठिकाणी २ आणि एका ठिकाणी १० आला, तर तो सांधा उघडून पुन्हा घासा. नुसता जोर लावून कसू नका.

क्षमतेची चाचणीही आत्ताच करून घ्या. पॅक पूर्ण भरा, शंटवाला एएच मीटर (किती अँपिअर-अवर गेले ते मोजणारा) लावा, ५०० वॉटचा हॅलोजन जोडा आणि बीएमएस तोडेपर्यंत चालू द्या. साडेचार तासांच्या आसपास लागतील. १०५च्या सेलचे १०० एएचसुद्धा भरले नाहीत तर बीएमएसच्या ॲपमध्ये कुठला सेल आधी खाली गेला ते दिसेल. विक्रेत्याला दाखवायला तोच पुरावा.

फ्यूज_आधी:

वर फ्यूजचं नाव नुसतं ओझरतं आलं म्हणून लिहितोय.

आठ सेलचे ३-४ मिलिओहम, बसबार आणि केबलचे दोनेक, असे पाच धरा. २६.४ व्होल्ट भागिले ०.००५ म्हणजे शॉर्टमध्ये पाच हजार अँपिअरहून जास्त. ट्युब्युलर बॅटरी एवढा करंट देऊ शकत नाही, त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये फ्यूज नसतानाही बरेचदा निभावून जातं. इथे निभावणार नाही. बीएमएसमधले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट तोडतात हे खरं, पण मॉसफेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा जोडलेल्या अवस्थेतच चिकटून बसतो. मग मधे काहीच उरत नाही.

म्हणून पॉझिटिव्हवर, सेलपासून वीतभर अंतरात, टी-क्लास फ्यूज. त्याची डीसी तोडक्षमता २० किलोअँपिअर असते. तो मिळाला नाही तर लोहार चाळीतून डीसी रेटिंग छापलेला एनएच प्रकारचा एचआरसी (मोठा शॉर्ट तोडू शकणारा) फ्यूज आणि बेस घ्या. गाडीच्या ऑडिओ सिस्टिमचे स्वस्त एएनएल फ्यूज आणि घरातला साधा एसी एमसीबी इथे वापरू नका. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझायला निमित्तच मिळत नाही.

आकार: २ केव्हीए म्हणजे १६०० वॉट, भागिले २४ गुणिले ०.८८, म्हणजे ७६ अँपिअर. फ्यूज १२५चा, केबल ३५ स्क्वेअर एमएम मल्टिस्ट्रँड तांब्याची, जाऊन-येऊन तीन मीटरच्या आत. फ्यूज वाचवतो केबलला, म्हणून केबलची क्षमता नेहमी फ्यूजपेक्षा वर. तुमच्या इन्व्हर्टरमधून बाहेर आलेल्या मूळ वायरी १६ स्क्वेअरच्या असतील तर त्या बदलून घ्या, नाहीतर फ्यूज ८०चा ठेवा. तुमचा प्रत्यक्ष लोड वीस अँपिअरच्या आसपास आहे, ८०ने अडणार नाही. केबलच्या टोकाची लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. हातोडीने ठोकलेली लग आणि त्यावर ओतलेलं सोल्डर, हे दोन्ही तापतात.

बीएमएस आठ सेलचा, १०० अँपिअरचा, ॲक्टिव्ह बॅलन्सर (जास्त भरलेल्या सेलमधून कमी भरलेल्यात चार्ज हलवणारा) असलेला घ्या. जेके कंपनीच्या बीएमएससारख्यांत प्रत्येक मर्यादा ॲपमधून बदलता येते, ते उपयोगी पडतं. सेन्स वायरी (प्रत्येक सेलचा व्होल्टेज बीएमएसला दाखवणाऱ्या) लावताना सॉकेट बीएमएसला न जोडता आधी सगळ्या तारा सेलवर बसवा. मग सॉकेटच्या पिना मोजा: निगेटिव्हपासून ३.३, ६.६, ९.९ अशी पायरी चढत २६.४पर्यंत गेली पाहिजे. एक पायरी चुकली आणि सॉकेट खोचलं तर बोर्ड जागच्या जागी जातो.

पहिल्यांदा इन्व्हर्टर जोडताना मोठी ठिणगी पडते, कारण आतले कपॅसिटर रिकामे असतात. त्या झटक्याला शॉर्ट समजून बीएमएस ट्रिपही होतो. २५ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर मधे धरून पाच-सहा सेकंद थांबा, मग मुख्य जोड लावा.

बॅटरी_पाणी_नाही:

आता इन्व्हर्टरच्या सेटिंग. इथे घोळ झाला की वरचं सगळं वाया.

ट्युब्युलरला बूस्ट २८.८ आणि फ्लोट २७.४ असतो. तोच ठेवलात तर सेलमागे ३.६० आणि ३.४३ पडतात. ३.६० मर्यादेच्या आत आहे, पण एखादा सेल जरा पुढे असला की तो ३.६५ ओलांडतो आणि बीएमएस चार्जिंग तोडतो. फ्लोट ३.४३ म्हणजे वर्षभर काठोकाठ भरून ठेवणं. त्याचा परिणाम वर बसबार यांनी सांगितलाच आहे.

बूस्ट २७.८ करा, सेलमागे ३.४७५. फ्लोट २६.८, सेलमागे ३.३५. चार्जिंग करंट १५. लो कट २४.०, म्हणजे ३.०० प्रति सेल. ३.००च्या खाली या रसायनात फारसं काही उरलेलं नसतं, व्होल्टेज कड्यावरून पडावा तसा पडतो. इक्वलायझेशन असेल तर बंद. टेंपरेचर कॉम्पेन्सेशन असेल तर तेही बंद, ते लेड-ॲसिडसाठी आहे.

बीएमएसमध्ये: ओव्हरव्होल्टेज ३.६०, परत जोडणी ३.४५. अंडरव्होल्टेज २.६०, परत जोडणी २.९०. बॅलन्सिंग ३.४०च्या वरच सुरू आणि १० मिलिव्होल्ट फरकावर. त्याखाली बॅलन्सिंग चालू ठेवलंत तर सपाट पट्ट्यात तो चुकीच्या सेलमधून काढून चुकीच्या सेलमध्ये घालत बसतो, आणि पॅक हळूहळू बिघडतो. चार्जिंगला तापमान मर्यादा ५० अंश.

तत्त्व एकच आहे. रोजचा दरवाजा इन्व्हर्टरने बंद करायचा, बीएमएसने नाही. बीएमएसने तोडलं की इन्व्हर्टरला बॅटरीकडून शून्य व्होल्ट दिसतो. बरेच इन्व्हर्टर अशा वेळी लाइट परत आल्यावरही ‘बॅटरी नाही’ समजून चार्जिंग सुरूच करत नाहीत. पॅक चांगला, इन्व्हर्टर चांगला, आणि घरात अंधार. तसं झालंच तर बीएमएस ॲपमधून किंवा बटणाने जागा करावा लागतो. लो कट २४.० ठेवलात तर ही वेळ सहसा येत नाही.

इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचे टक्के विसरा. ते लेड-ॲसिडच्या उताराप्रमाणे काढलेले असतात. शंटवाला मीटर सांगेल ते खरं.

वायरमन_भांडुप:

शेवटचा प्रश्न जुन्या वायरिंगचा. डीसी बाजू बदलावीच लागेल, वर आलंय. पण एसी बाजूकडे बघून घ्या, कारण पॅक बदलायला डीबी (घरातला एमसीबींचा बोर्ड) उघडणारच आहात.

मुंबईतल्या जुन्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरची वायर फक्त फेजची ओढलेली असते आणि न्यूट्रल सगळ्या घराचा एकाच लिंकवर (जोडपट्टीवर) असतो. घरात एकच आरसीसीबी (करंटची गळती दिसली की पडणारा स्विच) असेल तर हे कळूनही येत नाही. पण दोन आरसीसीबी असतील, किंवा इन्व्हर्टरच्या सर्किटला नंतर वेगळा बसवला, तर फेज एकातून जातो आणि न्यूट्रल दुसऱ्यातून परततो. दोघांनाही गळती दिसते आणि दोघेही पडतात. लोक मग वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात. ते कधीही करू नका. इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळ्या लिंकवर घ्या, ती लिंक इन्व्हर्टरच्या आउटपुट न्यूट्रलला जोडा, आणि आउटपुटवर ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवा.

दुसरी गोष्ट. लाइट गेल्यावर काही इन्व्हर्टर आउटपुटचा फेज-न्यूट्रल दोन्ही मेनपासून तोडतात. मग त्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ कुठेच जोडलेले राहत नाहीत, आणि फ्रिजच्या बॉडीवर फेज आला तरी आरसीसीबीला परतीची वाटच नसल्याने तो पडत नाही. काही इन्व्हर्टर न्यूट्रल सरळ पुढे नेतात, त्यांना ही अडचण घरातला मुख्य डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बंद केल्यावर येते. तुमचा कोणता प्रकार आहे ते मॅन्युअलमध्ये असतं, किंवा दोन्ही पुरवठे बंद ठेवून आणि बॅटरी काढून, इनपुट-आउटपुट न्यूट्रलमधली कंटिन्युइटी बघून कळतं. पण मेन चालू असताना रिले वेगळ्या स्थितीत असतो, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा. ही जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. न्यूट्रल-अर्थ जोड चुकीच्या ठिकाणी दिला तर न दिल्यापेक्षा वाईट.

डीबीवर ठळक लिहा: ‘दोन ठिकाणांहून पुरवठा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची सर्किटं जिवंत.’ तुमच्याच घरी उद्या दुसरा कुणी पंखा दुरुस्त करायला येईल, त्याच्यासाठी. पॅकचा लोखंडी डबा ४ स्क्वेअरच्या हिरव्या वायरने अर्थ करा. आणि इन्व्हर्टरचा आउटपुट दोन्हीकडे पिना असलेल्या वायरने भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा विचारसुद्धा नको. मेन बंद करायचं राहिलं तर तो करंट बाहेरच्या लाइनवर जातो आणि तिथे काम करणारा माणूस मरू शकतो.

गच्ची_सोलर:

मधेच विचारतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर आहे, नेट मीटर आहे, तरी लाइट गेली की तेही बंद पडतं. भर उन्हात. असा पॅक लावला तर चालेल का?

बसबार_२०x२:

ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून थांबतो, आणि तसंच व्हायला हवं. नाहीतर वायरमन यांनी वर सांगितलेला धोका तो दररोज निर्माण करेल. लाइट गेल्यावरही चालायचं असेल तर बॅटरीसोबत हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, जो आधी ग्रिडपासून तुटतो आणि मग वेगळ्या आउटपुटवर घर चालवतो. सोसायटीच्या सामाईक सोलरवर लिफ्ट आणि पंप असतात, तो पॅक ४८ व्होल्टचा, कदाचित तीस-चाळीस युनिटचा होईल. तो घरी बांधायचा विषय नाही. तिथे वॉरंटीसह तयार पॅकच घ्या. या धाग्यातलं काहीही त्याला लावू नका.

फ्यूज_आधी:

जागेबद्दल कुणी बोललं नाही अजून.

माळा नको. तुमचा वरचा मजला आहे, एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा बंद माळा चाळिशीच्या वर सहज जातो, आणि खाली बाथरूमची वाफ. बाल्कनी नको. पश्चिमेचा पाऊस ग्रिलमधून आडवा आत येतो आणि खारट ओल बीएमएसच्या बोर्डावर बसते. हॉलचा कोपराच बरा, पण जमिनीवर नाही. दीड-दोन फूट उंचीच्या लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून चार बोटं सुटा, बाहेर जायच्या दाराच्या वाटेत येणार नाही असा. पडदा, सोफा, गादी, गॅस सिलिंडर जवळ नको. डबा १.६ मिलिमीटरच्या पत्र्याचा, पावडर कोटिंग केलेला, खाली-वर झरोके असलेला. प्लायवूडचा नको, सनमायका लावूनही नको. आठ सेल मिळून वीस किलोच्या आत-बाहेर भरतात, दोन ट्युब्युलरच्या मानाने काहीच नाही, स्टँडला भार नाही.

तळमजल्यावर राहणारा कुणी हे वाचत असेल तर पॅक २६ जुलै २००५च्या पाण्याच्या खुणेच्या वरच लावावा. पाण्याने हे सेल लगेच पेटत नाहीत, पण गटाराचं खारट पाणी टर्मिनलांमधून करंट वाहवतं आणि बीएमएस खलास करतं. भिजलेला पॅक पुसून परत चालू करायचा नाही.

जिन्यात, पॅसेजमध्ये, लिफ्टच्या मशीन रूममध्ये कधीही नाही. सुटकेची वाट मोकळी ठेवणं महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६खाली येतं आणि सोसायटी तुम्हाला अडवेल, योग्यच करेल. कमिटीला लेखी कळवा. डब्यावर रसायनाचं नाव, व्होल्टेज आणि फ्यूज कुठे आहे ते लिहा, अग्निशमन दलाला ते लागतं.

एलएफपी बाकी लिथियमपेक्षा शांत आहे, पण फार तापला तर सेलचा व्हेंट उघडतो आणि येणारा वायू विषारी आणि ज्वालाग्राही दोन्ही असतो. डब्याच्या वर छताला बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म लावा. धूर दिसला तर आग विझवायचा सिलिंडर घेऊन लढत बसू नका. शक्य असेल तर मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, खोलीचं दार ओढा आणि १०१ला फोन करताना ‘लिथियम बॅटरी’ हे शब्द सांगा.

चौथा_मजला:

सगळ्यांचे मनापासून आभार. पंखे बीएलडीसी, सेल १०५ एएचचे आठ, टी-क्लास १२५, केबल ३५, जागा हॉलचा कोपरा, न्यूट्रल वेगळा करायला कंत्राटदार. एक उरलं: इन्व्हर्टरच्या मेनूत फ्लोट २७.०च्या खाली जात नाही. आणि जुन्या ट्युब्युलरपैकी एक बरी वाटतेय, ती समांतर ठेवली तर?

बॅटरी_पाणी_नाही:

२७.० चालेल. सेलमागे ३.३७५ पडतो, २६.८ इतका चांगला नाही पण त्रास नाही. तेवढ्यासाठी बूस्ट २७.८वरून २७.६ करा, आणि तीन महिन्यांतून एकदा मेन बंद करून पॅक निम्म्यावर उतरवा. त्या निमित्ताने सेलमधला फरकही ॲपमध्ये दिसेल. भरलेला असताना ३० मिलिव्होल्टच्या पुढे गेला तर बूस्टवर दोन तास जास्त ठेवा, तरी कमी झाला नाही तर तो सांधा किंवा तो सेल तपासा.

ट्युब्युलर समांतर अजिबात नको. एकटी १२ व्होल्टची बॅटरी २४च्या पॅकला जोडताच येत नाही, आणि दोन असत्या तरी ट्युब्युलरला जो फ्लोट लागतो तो या पॅकला जास्त होतो. शिवाय लेड-ॲसिड आपोआप उतरत राहते आणि तुमचा पॅक तिला दिवसरात्र पाजत बसेल. दोन्ही अधिकृत भंगारवाल्याला किंवा दुकानात परत द्या, शिशाचे पैसे मिळतात. ॲसिड मोरीत ओतू नका.